गोळा आपटला, संवेग कुठे गेला?

ओल्या मातीचा एक किलोचा गोळा 5 मीटर उंचीवरून सोडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ 10 मीटर असतो. पुढच्याच क्षणी तो धप्पकन आपटतो आणि तिथेच चिकटून बसतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. आत्ता 10 होता, लगेच शून्य झाला. मग बाहेरून बल लागलं नाही तर एकूण संवेग बदलत नाही, या संवेग अक्षय्यतेच्या नियमाचं काय?

'तो पृथ्वीला मिळाला' हे ठरलेलं उत्तर. चूक नाही, पण अर्धवट आहे. ते ऐकून वाटतं, की धडकेनंतर पृथ्वी किंचित खाली ढकलली जाते आणि तशीच जात राहते. हिशेब मुळात गोळा सुटतो तिथून मांडायला हवा. तेव्हा गोळा आणि पृथ्वी एकमेकांच्या तुलनेत स्थिर, एकूण संवेग शून्य. पृथ्वी गोळ्याला जेवढ्या बलाने खाली ओढते, तेवढ्याच बलाने गोळाही तिला वर ओढतो. त्यामुळे गोळ्याचा खालच्या दिशेचा संवेग जितका वाढेल, तितकाच पृथ्वीचा वरच्या दिशेचा. धडकेत दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. म्हणजे गोळा आपटल्यामुळे पृथ्वी हलायला लागत नाही, उलट थांबते!

अर्थात हे हलणं नावापुरतंच. पृथ्वीचं वस्तुमान 6 वर 24 शून्यं इतके किलो; तेवढ्या वेळात ती वर सरकते ती प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण दोन अब्जाव्या भागाइतकी. शिवाय ती एका झटक्यात थांबतही नाही. धक्का आधी गोळ्याखालच्या मातीला बसतो आणि मग लहरींच्या रूपात पसरत जातो. भूकंपाच्या सर्वांत वेगवान लहरींनाही पृथ्वीच्या आरपार जायला सुमारे 20 मिनिटं लागतात.

गोळ्याच्या 50 ज्यूल ऊर्जेचं मात्र वेगळं आहे. ती गोळा चेपण्यात, आवाजात आणि शेवटी उष्णतेत जिरते. संवेगाला अशी पळवाट नाही, कारण त्याला दिशा असते.

मातीऐवजी रबरी चेंडू असता तर? तो उसळून वर जातो, म्हणून जमिनीला जवळपास दुप्पट संवेग देतो. नासाच्या 'डार्ट' यानाने 26 सप्टेंबर 2022 रोजी डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहाला धडक दिली, तेव्हा याच तत्त्वाची मदत झाली. यान काही उसळलं नाही, पण धडकेने उडालेला दगडधोंडा उलट दिशेने फेकला गेला. त्या रेट्यामुळे डायमॉर्फसला यानाच्या स्वतःच्या संवेगापेक्षा कितीतरी अधिक ढकल मिळाली आणि मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीचा त्याचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून जास्त घटला.