गर्वाचं घर खाली, मग भाड्याने मिळेल का?

आमच्या काकांची शेजाऱ्यांशी भिंतीवरून केस चालू होती. भिंत म्हणजे काय, तर दोन घरांच्या मधली चार इंची, त्यावर धड मांजर पण चालायचं नाही, पण सात वर्षं इंदूरच्या कोर्टात तारखा पडत होत्या. शेवटी दोघं कंटाळले, वकिलांनी समोरासमोर बसवून कागद करवला आणि काकांनी संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "आज राजीनामा झाला, सुटलो एकदाचे." पाच मिनिटांत पुण्याहून आत्याचा फोन. "अरे दादा, असं काय झालं रे एकदम? रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत, पेन्शनचं काय, वहिनीला विचारलंस तरी का?" काका इकडे गोंधळलेले, भिंतीचा आणि पेन्शनचा काय संबंध, आणि आत्या तिकडे रडायच्या बेतात. काकूने फोन घेतला तेव्हा कुठे उलगडा झाला की कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता, आणि पुण्यात राजीनामा म्हणजे नोकरी गेली.

आता गंमत अशी की मुळाच्या जवळ काका होते. फारसीत राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लिहिलेला कागद, म्हणजे "मला मंजूर आहे" असं लिहून दिलेलं. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टांनी तोच अर्थ धरून ठेवला. तिकडे जुन्या मुंबई इलाख्यात कोणी जमिनीवरचा हक्क सोडला की तो राजीनामा लिहून द्यायचा आणि जो ती जमीन घ्यायचा तो कबुलायत लिहून द्यायचा. म्हणजे कागद मंजुरीचाच, पण कशाची मंजुरी, तर सोडण्याची. एकदा का शब्दाला "सोडणे" ची संगत लागली की जमीन सोडण्यापासून खुर्ची सोडण्यापर्यंत फार लांबचा रस्ता नाही. गुजरातीत पण राजीनामु म्हणजे नोकरी सोडणंच, वडोदऱ्याच्या आमच्या मामांना आत्यासारखाच धक्का बसला असता.

आम्ही इंदूरची मराठी माणसं, होळकरांच्या मागोमाग आलेली घरं, असल्या शब्दांवर रोज घसरतो आणि रोज उठतो. घरात "चेष्टा करू नको" म्हणजे मस्करी करू नको, आणि शाळेत हिंदीचे सर म्हणायचे "बेटा, चेष्टा करो" म्हणजे प्रयत्न कर, तर मी सहावीपर्यंत दोन्हीकडे मार खाल्ला. खून म्हणजे हिंदीत रक्त, मराठीत थेट मर्डर. संसार म्हणजे तिकडे अख्खं जग, आपल्याकडे गॅसची शेगडी, कुकर आणि मुलांच्या फिया. शिक्षा तर सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावरचे जोक आता शिळे झाले, पण तो शब्द शिकण्याकडून छडीकडे कसा आला हे मराठीनेच एका वाक्यात सांगून ठेवलंय: "थांब, तुला चांगला धडा शिकवतो."

माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे गर्व आणि अभिमान. मराठीत अभिमान चांगला आणि गर्व वाईट. हिंदीत बरोब्बर उलट, "हमें आप पर गर्व है" म्हणून शाल घालतात आणि अभिमानी माणूस म्हणजे नाकावर माशी न बसू देणारा. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही भाषा एकाच घरातल्या, आणि दोघींनी वाटणी अशी केली की एकीचं गोड ते दुसरीचं कडू. भाषाशास्त्रात शब्दाचा अर्थ चांगल्याकडे सरकला तर अर्थोत्कर्ष आणि वाईटाकडे सरकला तर अर्थापकर्ष म्हणतात, इथे तर एकाच जोडीत दोन्ही दिसतात. आमच्या इथल्या एका हिंदीभाषक मित्राला मी एकदा "गर्वाचं घर खाली" ही म्हण ऐकवली. तो थोडा विचार करून म्हणाला, "भिया, खाली है तो किराये पे दे दो." कारण हिंदीत खाली म्हणजे रिकामं! एका तीन शब्दांच्या म्हणीत त्याला दोन शब्द चकवून गेले आणि तरी वाक्य त्याच्यापुरतं छान जमलं, हेच मला जास्त मजेदार वाटतं.

बरं हे फक्त दोन भाषांच्या भांडणात होतं असं नाही. मृग घ्या. जुन्या संस्कृतात मृग म्हणजे कुठलंही रानातलं जनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग, हरणांचा राजा किंवा फांदीवरचं हरीण नाही. मग आकसत आकसत फक्त हरीण उरलं. आणि इंग्रजीतल्या डिअर या शब्दाचं अगदी हेच झालं, तो पण आधी कुठल्याही प्राण्यासाठी होता. हजारो मैलांवर, एकमेकांना न विचारता, दोन्हीकडे शेवटी हरीणच! याच्या उलट तेल. ते मुळात तिळाचं, शब्दच तिळापासून निघालाय, पण पसरत पसरत खोबऱ्याचं, शेंगदाण्याचं, गाडीचं, सगळंच तेल झालं आणि आता आपल्याला बिचाऱ्या तिळाच्या तेलाला "तिळाचं तेल" असं वेगळं सांगावं लागतं.

मग प्रश्न असा येतो की एवढा गोंधळ असून आपण बोलतो कसे? पान हा शब्द बघा. झाडाचं पान, पुस्तकाचं पान, पत्त्यातलं पान, विड्याचं पान, आणि "पानं वाढलीत, चला" मधलं पान तर स्टीलच्या ताटात वाढलेलं असतं, तिथे पान नावाची वस्तूच नसते. तरी लग्नात कोणी पानं वाढलीत ऐकून झाडाकडे बघत नाही.

डोक्यात नेमकं काय होतं हे 1979 मध्ये डेव्हिड स्विनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने फार हुशारीने पकडलं. इंग्रजीत बग म्हणजे किडा आणि बग म्हणजे चोरून ऐकायला लपवलेलं यंत्र पण. लोकांना हेडफोनवर एक गोष्ट ऐकवली ज्यात खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि बाकीचे बग सापडतात, म्हणजे अर्थ किड्याचाच, शंकेला जागाच नाही. पण बग शब्द ऐकू आला त्याच क्षणी समोर स्क्रीनवर एक शब्द दाखवायचा आणि तो खरा शब्द आहे की नुसती अक्षरं ते बटण दाबून सांगायचं. "मुंगी" हा शब्द लोक पटकन ओळखत होते, ते ठीकच आहे, पण "हेर" हा शब्द पण तेवढाच पटकन ओळखत होते! म्हणजे गोष्ट किड्यांची असून सुद्धा डोक्याने क्षणभर दुसरा अर्थ पण उघडून बघितला. आणि तीनच अक्षरं पुढे गेल्यावर परत तपासलं तर मुंगीचा फायदा टिकलेला, हेर गायब. म्हणजे आपण आधी सगळी दारं उघडतो आणि मग संदर्भ एक सोडून बाकीची धाडधाड लावून घेतो, इतक्या झटपट की आपल्याला आवाज पण येत नाही.

आवाज येतो तो चुकीचं दार उघडं राहिलं तर. पुढच्याच वर्षी, 1980 मध्ये, मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं वाचायला दिली, त्यातली काही शेवटच्या शब्दावर फसलेली, म्हणजे साधारण "आजीने गरम पोळीवर मोजे वाढले" अशा धर्तीची. मोजे आले की सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विजेच्या आलेखात एक ठळक लाट यायची. तिला एन-400 म्हणतात. राजीनामा वाचून आत्याच्या डोक्यात काय झालं असेल ते मला आता कळतं, फरक एवढाच की मोज्यांचं वाक्य लगेच वेडगळ वाटतं, तिचं वाक्य अर्थपूर्ण होतं, फक्त दुसऱ्याच गोष्टीतलं.

दोन भाषांत राहणाऱ्यांचं काय? नेदरलँड्समध्ये टॉन डायक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये डच आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांवर प्रयोग केले. रूम म्हणजे इंग्रजीत खोली, डचमध्ये त्याच स्पेलिंगचा शब्द म्हणजे साय, म्हणजे आपल्या शिक्षा किंवा चेष्टासारखंच प्रकरण. "हा इंग्रजी शब्द आहे का" एवढंच सांगायचं. निव्वळ इंग्रजी शब्दांमध्ये विचारलं तर अशा शब्दांवर फारशी अडचण नाही, पण मध्ये मध्ये डच शब्द मिसळले की लगेच गाडी अडखळायला लागली. हे वाचलं आणि मला एकदम इंदूरच्या राजवाड्याचा बाजार आठवला. पुण्यात आत्याकडे आठवडाभर राहिलो की माझी मराठी सरळ चालते, आणि इंदूरला दुकानदाराशी हिंदी, बायकोशी मराठी, फोनवर तिसरंच, की मग "शेजारचं घर खाली झालं" असं मी मराठीत म्हणतो आणि पुण्याची बहीण विचारते, "म्हणजे खचलं का रे?"

हे संगतीचं शास्त्र आपल्याकडे नवीन नाही. साधारण पाचव्या शतकात भर्तृहरी या व्याकरणकाराने वाक्यपदीय या ग्रंथात यादीच दिली आहे की एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर नेमका कुठला हे कशावरून ठरतं. चौदा गोष्टी आहेत त्यात. साहचर्य, विरोध, प्रकरण म्हणजे प्रसंग, जवळचा दुसरा शब्द, काळ, आणि हो, देश पण, म्हणजे जागा. जुनं घोटलेलं उदाहरण सैंधवाचं. सैंधव म्हणजे सिंधकडचं, मीठ पण आणि घोडा पण. जेवायला बसलेला माणूस "सैंधव आण" म्हणाला तर मीठ, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. आणि साहचर्य-विरोधाचं उदाहरण तर आमच्या शेजारचंच आहे. राम-लक्ष्मण म्हटलं की राम म्हणजे दशरथाचा, पण भांडणाच्या संदर्भात राम-अर्जुन म्हटलं की एकदम दोघंही बदलतात: राम म्हणजे परशुराम आणि अर्जुन म्हणजे पांडव नव्हे, परशुरामाने मारलेला सहस्रार्जुन. त्या सहस्रार्जुनाची माहिष्मती म्हणजे आपलं महेश्वर मानतात, अहिल्यादेवींचं, इथून नव्वद-एक किलोमीटर. घाटावर गेलात तर राजराजेश्वराच्या देवळात हा दुसरा अर्जुन भेटतो.

विसाव्या शतकात इंग्लंडच्या जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञांनी हेच म्हटलं की शब्द ओळखायचा असेल तर त्याची संगत बघा, आणि कॉम्प्युटरवाल्यांनी ते अक्षरशः मनावर घेतलं. 2013 मध्ये गूगलच्या टोमास मिकोलोव यांच्या टीमने वर्ड-टू-व्हेक नावाची पद्धत काढली. त्यात मशीनला डिक्शनरी द्यायचीच नाही, ढीगभर मजकूर द्यायचा आणि कुठला शब्द कुणाच्या शेजारी येतो ते शिकू द्यायचं, मग प्रत्येक शब्दाचा शे-दोनशे आकड्यांचा पत्ता तयार होतो आणि सारख्या संगतीचे शब्द जवळजवळ राहायला येतात. खोट एकच, एका शब्दाला एकच पत्ता. म्हणजे पान बिचारं झाड, पुस्तक आणि पंगत यांच्या मध्ये कुठेतरी चौकात उभं. 2018 मध्ये गूगलचंच बर्ट नावाचं मॉडेल आलं तसं हे बदललं, त्यात वाक्य बदललं की शब्दाचे आकडे पण बदलतात, पानं वाढली मधलं पान वेगळं आणि पान उलटलं मधलं वेगळं.

अशाच आकड्यांच्या पत्त्यांवरून विल्यम हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये चार भाषांच्या जुन्या मजकुरात शब्द दशकादशकाने कुठून कुठे राहायला गेले ते काढलं. ब्रॉडकास्ट हा शब्द दीडशे वर्षांपूर्वी बी आणि पेरणीच्या शेजारी राहायचा, कारण त्याचा अर्थच बी फेकून पेरणं, आणि नंतर तो रेडिओच्या वस्तीत गेला. त्यांनी दोन नियम पण मांडले, जास्त वापरातले शब्द हळू बदलतात आणि अनेक अर्थांचे लवकर बदलतात. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तोच मजकूर मुद्दाम पिसून, म्हणजे काळाची सरमिसळ करून तपासला आणि दाखवलं की त्या नियमांचा बराचसा भाग मोजायच्या पद्धतीतूनच येतोय. मला विचाराल तर ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा चांगली आहे, पण फॉरवर्ड पहिलीच होते.

काकांचं राहिलं. गेल्या महिन्यात त्यांनी कॉलनीच्या समितीचं सेक्रेटरीपद सोडलं, पाण्याच्या टँकरवरून रोजची कटकट होती. ग्रुपवर त्यांनी नेहमीसारखंच एका ओळीत टाकलं, "आज राजीनामा दिला." आत्याचा लगेच रिप्लाय आला, अंगठ्यासकट: "छान झालं दादा, मिटवलंस ते. आता त्या शेजाऱ्यांना एकदा जेवायला बोलाव."