दिसते मराठी, ऐकू येते भलतेच

कोल्हापूरच्या एखाद्या महाविद्यालयात एम.ए.ला शिकणारा अंध विद्यार्थी घरी बसून महाविद्यालयाच्या मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर लॉगइन करतो, तेव्हा त्याच्यासाठी पडदा वाचण्याचे काम स्क्रीन रीडर करतो. २००६ पासून मोफत उपलब्ध असलेला एनव्हीडीए हा त्यांपैकीच एक. तो पडद्यावरचे चित्र पाहत नाही, तर पानामागच्या संहितेतून (कोडमधून) मजकूर आणि त्याची रचना उचलून आवाजात बोलतो. एच ही कळ दाबली की तो एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. मात्र प्राध्यापकांनी अक्षरे नुसती मोठी आणि ठळक करून शीर्षक 'दाखवले' असेल, तर ते त्याच्या लेखी शीर्षकच नसते.

मूडल २००२ मध्ये आले. त्याची संहिता खुली आहे आणि वेबसुलभतेचे, म्हणजे संकेतस्थळे दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीचे, आंतरराष्ट्रीय निकष पाळण्याचा तिथे नेटाने प्रयत्न होतो. माझ्या मते आपल्याकडची खरी अडचण त्या प्रणालीपेक्षा तिच्यावर चढवल्या जाणाऱ्या नोट्समध्ये आहे.

आपल्याकडे वर्षानुवर्षे मराठी नोट्स युनिकोड ही प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक पद्धत रुळण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या आहेत. या फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवतो, फक्त त्यांचा आकार देवनागरी दिसेल असा घडवलेला असतो. डोळस वाचकाला 'शाहू महाराजांचे शैक्षणिक धोरण' स्वच्छ दिसते. स्क्रीन रीडर मात्र त्याच ओळीत अर्थहीन रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे बडबडत राहतो. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी आहे, तरीही या फायली एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे तशाच सरकतात, याचे मनापासून वाईट वाटते. पुस्तकाची पाने स्कॅन करून केलेल्या पीडीएफची गत याहून वाईट, कारण तिच्यात नुसते चित्र असते आणि स्क्रीन रीडरला वाचायला एकही अक्षर सापडत नाही.

अडथळे फक्त अंधांपुढे नाहीत. हात थरथरणाऱ्या विद्यार्थ्याला माऊसने उत्तर ओढून जागेवर ठेवणे जमत नाही. म्हणून वर सांगितलेल्या वेबसुलभता निकषांच्या २०२३ मधील २.२ या आवृत्तीने अशा कृतीला साध्या क्लिकचा पर्याय मागितला आहे. कर्णबधिरांना व्हिडिओखाली तपासलेली मराठी उपशीर्षके लागतात. चाचणीत जादा वेळ हवा असलेल्या विद्यार्थ्यापुरती वेळमर्यादा वाढवण्याची सोय मूडलमध्ये आहेच, प्राध्यापकांनी ती वापरायला हवी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुलभता ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवली. तेव्हा हा सवडीने करायचा उपकार नव्हे. फाइल चढवण्यापूर्वी तिच्यातली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी. मराठी शब्द शाबूत उतरले, तर स्क्रीन रीडरला वाचण्याजोगा मजकूर त्यात आहे. रोमन अक्षरे उमटली, तर फॉन्ट परिवर्तकातून ती युनिकोडमध्ये आणावी आणि जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत. आणि ओळ निवडताच आली नाही, तर ती फाइल म्हणजे निव्वळ छायाचित्र आहे, तिचा मजकूर चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या साधनाने (ओसीआर) काढून तपासावा किंवा नव्याने टाइप करावा लागेल.