घामाला वास नसतो

जुलै संपत आला की मुठेच्या नदीपात्रात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, आणि माझ्या भाचीची जुनी कटकटही. ढोल कमरेला बांधून अर्धा तास झाला की हातातलं टिपरू सटकायला लागतं. तिचे तळहात नुसते ओलसर होत नाहीत, त्यांवरून थेंब ओघळतात. दहावीच्या परीक्षेत ती हाताखाली रुमाल ठेवून लिहायची. घरात यावर एकच तोडगा ठरलेला: "अजून एकदा अंघोळ कर आणि पावडर लाव." बिचारी दिवसातून तीनदा अंघोळ करते. पण तिच्या अंगाला वास येतच नाही, कधी येतही नव्हता. तिला फक्त घाम येतो. घाम आणि वास ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यांची कारणं वेगळी, औषधंही वेगळी. आपण मात्र दोन्हींवर एकच बॉडी स्प्रे मारून मोकळे होतो.

एका रविवारी तिला स्वयंपाकघरात बसवलं. दोघांनी तळहात पुसून कोरडे केले, त्यांवर बीटाडीन लावलं, ते वाळू दिलं आणि वरून चाळणीने कॉर्नफ्लॉवर भुरभुरवलं. बीटाडीनमधलं आयोडीन आणि कॉर्नफ्लॉवरमधला स्टार्च पाण्याशिवाय एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पाणी मिळालं की गडद निळा-काळा रंग येतो. रशियन मज्जाविकारतज्ज्ञ व्हिक्टर मिनोर यांनी १९२८ साली घाम मोजायला हीच युक्ती वापरली आणि त्वचारोगतज्ज्ञ आजही ती वापरतात. (आयोडीनची ॲलर्जी असेल तर या भानगडीत पडू नका.) मिनिटाभरात तिच्या बोटांच्या रेषांवर मोहरीएवढे काळे ठिपके उमटले, मग ते एकमेकांत मिसळून अख्खा तळवा शाईत बुडवल्यासारखा झाला. माझ्या हातावर आठ-दहा ठिपके. मग ती म्हणाली, "मामा, आता सतरा गुणिले तेवीस करा, तोंडी." माझ्याही हातावर ठिपके वाढायला लागले!

त्याचं कारण असं. आपल्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्या सर्वांत दाट असतात. पाठीवरच्या, कपाळावरच्या ग्रंथी प्रामुख्याने उष्णतेला जुमानतात. तळव्यांवरच्या ग्रंथी उष्णतेपेक्षा मनाचं ऐकतात: परीक्षा, मुलाखत, अनोळखी माणसाशी हस्तांदोलन. काही जणांत या ग्रंथींना मेंदूकडून जाणारा हुकूम गरजेपेक्षा जोरात जातो. ग्रंथी जास्त नसतात, मोठ्याही नसतात, त्यांना नुसतं फार डिवचलं जातं. हा अतिघाम बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो, घरात आणखी कुणाला तरी असतो आणि झोपेत थांबतो. माझ्या बहिणीला विचारलं तर म्हणाली, "आमच्या सासऱ्यांचे हात असेच असायचे." इतकी वर्षं हे कुणी बोललंच नव्हतं.

आता वासाकडे. हा घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. त्याला वास नाही. वासाचं प्रकरण काखेत आणि जांघेत घडतं. तिथे दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात, ज्या वयात येताना जाग्या होतात. लहान पोरं दिवसभर मैदानात लोळूनही आंबूस दर्प का मारत नाहीत, त्याचं उत्तर हेच. या ग्रंथींतून येणारा दाटसर स्रावही ताजा असताना गंधहीन असतो. पण त्वचेवरचे जिवाणू त्यावर ताव मारतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टॅफिलोकॉकस होमिनिस या जिवाणूतलं एक विकर (एन्झाइम) उलगडून दाखवलं. गंधहीन रेणू तोडून त्यातून गंधकयुक्त, उग्र दर्पाचा रेणू ते मोकळा करतं. कांद्याच्या वासातही गंधकच असतं, त्यामुळे गर्दीच्या पीएमपीएमएल बसमध्ये वर दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाच्या काखेमुळे कांद्याची आठवण येते ती उगाच नाही.

यात जनुकांचाही हात आहे, आणि तो कानात दिसतो. २००६ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की कानातला मळ ओला-चिकट की कोरडा, हे एकच जनुक ठरवतं. तेच जनुक काखेतल्या स्रावातला जिवाणूंचा खुराकही ठरवतं. पूर्व आशियात कोरड्या मळाचे लोक बहुसंख्य आहेत आणि त्यांच्या काखेला वास जवळजवळ नसतो. ज्यांचा मळ ओला, त्यांच्या नशिबी डिओडरंट.

पुण्यात एप्रिल आणि जुलै यांत घामाचे दोन वेगळे अवतार भेटतात. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण उडून गेला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे नळाचं सात लिटर पाणी उकळायला लागेल तेवढी. एप्रिलच्या कोरड्या उन्हात हे बिनबोभाट चालतं, घाम आलेला कळतही नाही. मातीचा माठ त्याच दिवसांत पाणी गार करतो, पावसाळ्यात करत नाही. जुलैत हवेतच पाणी भरलेलं असतं. घाम उडत नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम काडीचाही गारवा देत नाही. वर रेनकोट, हेल्मेट, ओले बूट. जिवाणूंना याहून चांगलं घर कुठलं? तळपायांना भयंकर वास आणि कातडीवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर तो बुटांतल्या ओलीत माजलेल्या जिवाणूंचा संसर्ग असतो. डॉक्टरांच्या मलमाने तो बरा होतो.

दुकानात डिओडरंट आणि अँटीपर्स्पिरंट शेजारी ठेवलेले असतात आणि आपण वास बघून एक उचलतो. डिओडरंट जिवाणूंना आवरतं आणि वर सुगंध देतं. घाम थांबवत नाही. अँटीपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. हे बूच बसायला नळी कोरडी लागते. म्हणून ते सकाळी घाईत ओल्या काखेला फासणं म्हणजे पावसात पोस्टर चिकटवणं. लावायची वेळ रात्रीची: काख पूर्ण कोरडी करून, झोपण्यापूर्वी. सकाळी अंघोळ केली तरी परिणाम जात नाही. हे बाटलीवर ठळक का लिहीत नाहीत, देव जाणे. केशकर्तनालयातली तुरटीही ॲल्युमिनियमचाच क्षार. ती वास कमी करते, घाम फारसा थांबवत नाही. लिंबू आणि खायचा सोडा मात्र काखेपासून लांब ठेवा, कातडी सोलवटते. अँटीपर्स्पिरंटने कर्करोग होतो, या भीतीला ठोस पुरावा नाही. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

वास तेवढाच हटवायचा असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश काखेत मिनिटभर ठेवून धुतला तरी फरक पडतो, फक्त रंगीत टॉवेलवर पांढरे डाग पडतात. पॉलिस्टरचे टी-शर्ट सुतीपेक्षा जास्त वास धरतात. आणि हिवाळ्यात मेथीचे लाडू खाल्ल्यावर अंगाला गोडसर, पाकासारखा वास आला तर घाबरू नका. मेथीतल्या सोटोलोन नावाच्या वासाच्या रेणूचा तो प्रताप.

एवढ्यानेही घाम हटत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. तीव्र ॲल्युमिनियम क्लोराइड, घाम आटवणाऱ्या गोळ्या (तोंड कोरडं पडतं), काखेसाठी काही महिने टिकणारी बोटॉक्सची इंजेक्शनं, आणि हात-पायांसाठी आयनटोफोरेसिस. यात तळवे पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून सौम्य वीज सोडतात, वीसएक मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा. पेसमेकर असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना हे करत नाहीत. छातीतला, घामाचा हुकूम नेणारा मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण त्यानंतर बऱ्याच जणांना पाठीला आणि पोटाला धो धो घाम सुटतो. म्हणून ती अगदी शेवटी.

मोठेपणी अचानक सुरू झालेला घाम मात्र वेगळा. रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सोबत ताप आणि घटतं वजन असेल तर क्षयरोगाची तपासणी हवीच. धडधड आणि थरथर असेल तर थायरॉइड. मधुमेहाच्या औषधावर असलेल्याला थंड घाम फुटला तर आधी साखर द्या. छातीत दुखून घाम सुटला तर १०८ ला फोन.

भाचीला डॉक्टरांनी ॲल्युमिनियमचं लोशन दिलं. तिने ते दहा रात्री फक्त डाव्या हाताला लावलं, उजवा तुलनेसाठी तसाच ठेवला. मग पुन्हा बीटाडीन, पुन्हा कॉर्नफ्लॉवर. डाव्यावर विखुरलेले ठिपके, उजवा मात्र काळाकुट्ट. ती दोन्ही हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण मामा, टिपरू तर मी उजव्या हातात धरते."