सुख आणि सुक्ख: ध्यानातला आनंद मागे कसा पडला

आधी मैत्री, मग मनाची प्रसन्नता, आणि त्यानंतर जे उमटेल त्याला मोकळी जागा, अशा क्रमाने ध्यान शिकवणारी शिबिरं आता आपल्याकडेही भरतात. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात घडलेल्या अनेक जुन्या साधकांना हा क्रम परका वाटतो. मैत्री असते ती दहाव्या दिवशी, आणि तीही नऊ दिवसांचं काम झाल्यावर, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आनंदाने सुरुवात करणं ही पाश्चात्त्यांनी काढलेली सोपी वाट आहे, असंही ऐकू येतं. हा समज कुठून आला हे पाहायचं तर एका पाली शब्दापाशी बराच वेळ थांबावं लागतं.

तो शब्द म्हणजे सुक्खविपस्सक. देवनागरीत तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यात सुखच दिसलं होतं, जरा जोर देऊन उच्चारलेलं. अर्थ नेमका उलट आहे. संस्कृत शुष्क, पाली सुक्ख, मराठी सुका. झानांचा, म्हणजे खोल एकाग्रतेच्या अवस्थांचा ओलावा न घेता जो थेट विपश्यनेने मुक्तीकडे जातो, तो सुक्खविपस्सक. एका जोडाक्षराने सुखाचं कोरडेपण होतं.

मूळ सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या पाठांमध्ये, हा शब्द नाही. तो अट्ठकथांमधला, म्हणजे नंतरच्या टीकाकारांच्या भाष्यांमधला. त्यांना आधार मिळतो तो संयुत्त निकायातल्या सुसीम सुत्ताचा. तिथे काही भिक्खू सांगतात की आम्ही प्रज्ञेने मुक्त झालो. सुसीम नावाचा नवा भिक्खू त्यांना विचारत जातो: ऋद्धी आहेत का? दिव्य श्रवण? पूर्वजन्मांची स्मृती? अरूप समापत्ती, म्हणजे रूपापलीकडच्या ध्यानावस्था? प्रत्येकाला उत्तर नाही असंच येतं. पण पाली पाठात त्यांच्याआधीच्या चार झानांबद्दल, म्हणजे रूपझानांबद्दल, प्रश्नच विचारलेला नाही. ती जागा अट्ठकथेने भरली आणि हे भिक्खू झानाविना मुक्त झाले असा अर्थ लावला. याच सुत्ताच्या चिनी पाठात मात्र झानांचाही नकार आहे, त्यामुळे टीकाकारांनी हे मनाने रचलं असंही म्हणता येत नाही. तरीही माझ्या मते एवढ्या अरुंद पायावर पुढे फार मोठी इमारत उभी राहिली.

पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपूरला सिद्ध झालेल्या विसुद्धिमग्ग या ध्यानाच्या ग्रंथाने झानासह आणि झानाविना अशा दोन्ही वाटा ठेवल्या. १९४० साली मुंबईत छापलेली त्याची देवनागरी आवृत्ती सांकवाळला जन्मलेल्या एका गोमंतकीय पंडिताने संपादित केलेली, त्यामुळे मराठी अभ्यासकांना तो तसा जवळचा ग्रंथ. त्यात पीतीचे, म्हणजे ध्यानात उसळणाऱ्या आनंदाचे, पाच प्रकार सांगितले आहेत: अंगावर काटा आणणारी, विजेसारखी क्षणोक्षणी चमकणारी, किनाऱ्यावर लाटा फुटाव्यात तशी पुन्हापुन्हा येणारी, शरीर उचलून धरणारी आणि सर्वांगात भरून राहणारी. चौथ्या प्रकारासाठी एका गर्भवती मुलीची गोष्ट आहे. आईवडील तिला घरी ठेवून धम्मश्रवणाला जातात. अंगणात उभी राहून ती चांदण्यातलं दूरचं चैत्य पाहते आणि आनंदाच्या भरात आकाशमार्गाने त्यांच्याआधी तिथे पोहोचते. इतक्या मायेने आनंदाबद्दल लिहिणारा हाच ग्रंथ पुढे विपश्यनेच्या दहा उपक्लेशांची, म्हणजे वाटेत भुलवणाऱ्या अनुभवांची, यादी देतो आणि त्यात पीती आहे, सुखही आहे. यादीतलं शेवटचं नाव निकंती, म्हणजे सूक्ष्म आसक्ती. खरा दोष या निकंतीचाच, पण शिकवणाऱ्यांच्या तोंडी यादी आखूड होत गेली आणि आनंदच संशयित ठरला.

निर्णायक वळण आलं ते ब्रह्मदेशात. १८८५ साली मंडालेचं राज्य इंग्रजांनी बुडवलं आणि धर्माचा राजाश्रय गेला. शासन, म्हणजे बुद्धाची शिकवण, टिकवायचं तर गृहस्थांनीच अभिधम्म, म्हणजे मनाचं बारकाईने विश्लेषण करणारं शास्त्र, शिकावा, ध्यानाला बसावं, असा आग्रह काही भिक्खूंनी धरला. झानासाठी लागतो दीर्घ एकांत. शेतकऱ्याला, कारकुनाला तो कुठून मिळणार? तेव्हा क्षणिक समाधी, म्हणजे क्षणाक्षणापुरती एकाग्रता, पुरेशी मानून थेट विपश्यनेला लागावं, अशी वाट पक्की झाली. रंगूनमध्ये १९४९ साली एक केंद्र पोटाच्या हालचालीवर लक्ष ठेवायला शिकवू लागलं. तिथेच १९५२ साली हिशेब खात्याच्या सर्वोच्च पदावरच्या एका गृहस्थाने दुसरं केंद्र उघडलं, तिथे भर होता शरीरावरच्या संवेदनांवर. रजा काढून आलेल्या नोकरदाराला दहा दिवसांत काही हाती लागलं पाहिजे, ही दोन्हीकडची निकड होती आणि ती खरी होती. या निर्णयामुळे लाखो गृहस्थांना ध्यानाचं दार उघडलं, हे विसरून चालणार नाही.

पण तो सर्वमान्य नव्हता. पोटावर लक्ष ठेवण्याची पद्धत १९५० च्या दशकात श्रीलंकेत गेली तेव्हा कोलंबोच्या विद्वान भिक्खूंनी उघड विरोध केला. नाकपुडीऐवजी पोट कशासाठी, झानाविना विपश्यना कशी, असे त्यांचे प्रश्न होते. १९६० च्या दशकात नियतकालिकांतून दोन्ही बाजू एकमेकांना पाली वचनांनी उत्तरं देत होत्या. आपल्याकडे या वादाचा आवाज जवळजवळ पोहोचलाच नाही. आपल्यापर्यंत आली ती तयार पद्धत. हिशेब खात्यातल्या त्या गृहस्थाचा भारतीय वंशाचा शिष्य १९६९ साली इकडे आला, जुलैत मुंबईत पहिलं शिबिर झालं आणि १९७६ पासून इगतपुरीला नियमित शिबिरं सुरू झाली. साडेतीन दिवस आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष, मग विपश्यना, न हलता बसायच्या अधिष्ठानाच्या बैठका, सुखद संवेदनेकडेही समतेने पाहणं, आणि दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री. मैत्रीनंतर मौन सुटतं.

हा क्रम विसाव्या शतकातला आहे. सुत्तांमध्ये तो असाच एकमेव क्रम म्हणून येत नाही. आनापानसती सुत्तात श्वासाच्या सोळा पायऱ्या आहेत, त्यांतली पाचवी पीती अनुभवत श्वास घेण्याची आणि सहावी सुख अनुभवत श्वास घेण्याची. सात बोज्झंगांमध्ये, म्हणजे बोधीच्या अंगांमध्येही, पीती आहे. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात तर कठोर तपाने हाडांचा सापळा झालेल्या गौतमाला लहानपणीची आठवण होते: वडील आपल्या कामात, आपण जांभळीच्या सावलीत, आणि न मागता आलेलं ध्यानाचं सुख. तो स्वतःला विचारतो, कामवासनेशी ज्याचा संबंध नाही त्या सुखाला मी का भितो आहे? मग तो भात खातो. बरोबरचे पाच तपस्वी त्याला ऐषारामी ठरवून निघून जातात. बोधीकडे जाणारी वाट तिथून वळते, आणि जुन्या साधकांच्या मनातला आक्षेप त्या पाचांच्या आक्षेपाहून फार वेगळा नाही असं मला वाटतं.

मैत्रीचंही तसंच. एकुलत्या एका मुलाला आई जिवापाड जपते तशी सर्व प्राण्यांविषयी भावना वाढवावी, उभं असताना, चालताना, बसताना, आडवं असताना, जागेपणी सतत ही स्मृती ठेवावी, असं मेत्त सुत्त सांगतं. तिथे शेवटचा दिवस वगैरे काही नाही. महाराष्ट्रात ही भावना आणखी एका वाटेने आली. नागपूरला १९५६ च्या धम्मदीक्षेत घेतलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करीन, त्यांचं लालनपालन करीन ही प्रतिज्ञा आहे. मिटलेल्या डोळ्यांच्या ध्यानापेक्षा हे लालनपालन महत्त्वाचं मानणारे बरेच आहेत. ही दोन टोकं आहेत असं मानण्याची गरज नव्हती. मैत्रीला ध्यानात पहिलं स्थान मिळालं असतं तर कदाचित ती एकमेकांपासून इतकी लांब राहिली नसती.

मैत्री हा चार ब्रह्मविहारांपैकी, म्हणजे मनाच्या चार उदात्त भावनांपैकी, पहिला; चौथ्याचं, उपेक्खेचं, तर मराठीने नुकसानच केलं. उपेक्खा म्हणजे पक्षपात न करता जवळून पाहणं. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. शिबिरांत त्याऐवजी समता म्हणतात ते चांगलंच झालं, पण इथे समता म्हटलं की आधी समान हक्क आठवतात.

राहिली मोकळी जाणीव, कशालाही न निवडता सगळ्याला जागा देणारी. तिबेटात महामुद्रा आणि झोगचेन, जपानात तेराव्या शतकापासूनचं नुसतं बसणं, असे तिचे नंतरचे विस्तार मोठे आहेत. पण उदान ग्रंथातलं एक सुत्त आपल्या किनाऱ्यावरचं आहे. बाहिय दारुचीरिय हा सुप्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. वल्कलं नेसणारा हा तपस्वी श्रावस्तीला पोहोचतो तेव्हा बुद्ध भिक्षेला निघालेले असतात. ही वेळ नव्हे, असं ते दोनदा सांगतात. आयुष्याचा भरवसा नाही म्हणत बाहिय तिसऱ्यांदा विनवतो. रस्त्यातच त्याला उपदेश मिळतो: पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं असेल, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं. तेवढ्यावर तो मुक्त होतो. थोड्याच वेळाने वासरू असलेली एक गाय त्याला ठार करते. भिक्षेहून परतताना बुद्धांना त्याचं प्रेत दिसतं, आणि ते भिक्खूंना सांगतात, याचं दहन करा, याच्यासाठी स्तूप बांधा, हा तुमचा सब्रह्मचारी, तुमच्याच वाटेवरचा सोबती होता.