अडलेला बोल्ट आणि पितळेवरची चंद्रकोर

सकाळभर विनातक्रार चाललेल्या रायफलचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, दुपारी एका फैरीनंतर उघडताना अडतो. मूठ निम्मी वर येते, मग तळहाताने जोर द्यावा लागतो, आणि बाहेर पडलेल्या पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी कवचाच्या, बुडावर, जिथे कारखान्याचे शिक्के असतात तिथे, एक बारीकशी चकचकीत चंद्रकोर उमटलेली दिसते. बोल्टच्या तोंडावर इजेक्टरसाठी, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खुंटीसाठी, एक छोटे भोक असते. आतला दाब इतका वाढला की बुडाचे पितळ त्या भोकात शिरले, आणि बोल्ट फिरवताना तो उंचवटा घासला गेला. लक्ष्यभेदासाठी स्वतःची काडतुसे स्वतः भरणाऱ्या नेमबाजाचे अशा वेळी पहिले वाक्य ठरलेले असते: मी तर काहीच बदलले नाही. हे वाक्य प्रामाणिक असते, पण जवळजवळ कधीच खरे नसते. काहीतरी बदललेले असतेच. फक्त तो बदल इतका लहान असतो की त्याची दखल घ्यावी असे कोणाला वाटत नाही.

एवढ्याशा बदलाने दाब इतका का उसळतो, हे कळण्यासाठी बंदुकीची दारू कशी जळते ते पाहावे लागते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून पहिली उपयुक्त निर्धूम दारू तयार केली, आणि अशा दारूच्या ज्वलनाचा जो नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो तो असे सांगतो की दारूचा दाणा पृष्ठभागावरून आत जळत जातो आणि त्या जळण्याचा वेग भोवतालच्या दाबाबरोबर वाढतो. उघड्यावर पेटवलेली चिमूटभर दारू नुसती फुरफुरत जळते. पुंगळीत कोंडलेली तीच दारू स्वतःच निर्माण केलेल्या दाबामुळे अधिकाधिक वेगाने पेट घेते. वायूमुळे दाब वाढतो, दाबामुळे ज्वलन वाढते, ज्वलनामुळे आणखी वायू तयार होतो. या चक्राला लगाम घालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गोळी पुढे सरकल्याने मागे मोकळी होणारी जागा. सर्वोच्च दाब येतो तेव्हा गोळी नळीत जेमतेम काही सेंटिमीटर सरकलेली असते, म्हणून सुरुवातीच्या त्या क्षणी जागा किंचित कमी पडली किंवा गोळी सुटायला किंचित अडखळली, तरी परिणाम मूळ बदलाच्या मानाने बराच मोठा होतो. ढोबळ हिशेब असा सांगितला जातो की दारू १ टक्क्याने वाढवली तर गोळीचा वेग फार तर तेवढ्याच प्रमाणात वाढतो, दाब मात्र सुमारे दुप्पट प्रमाणात चढतो.

लक्ष्यभेदी रायफलींमध्ये दीर्घकाळ रूढ असलेल्या .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी ‘सामी’ या अमेरिकी उद्योगसंस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ४,२०० पट. महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत असतो त्याच्या जवळजवळ चौपट हा दाब, आणि तो अडवायला मागे बोल्टवरचे पोलादाचे दोन-तीन अडसर आणि पुढे पितळेची एक पातळ पुंगळी असते. प्रयोगशाळेत हा दाब स्फटिकाच्या विद्युत्‌संवेदकाने मोजतात. पूर्वी तांब्याची छोटी नळकांडी किती चेपते यावरून तो ठरवत, पण तांबे क्षणिक उसळीचा पाठलाग करू शकत नसे, म्हणूनच याच काडतुसाची जुनी मर्यादा ५२,००० तांबे-एकके अशी लिहिलेली आढळते. ते दोन आकडे एकाच गोष्टीचे आहेत आणि त्यांची परस्परांशी तुलना करू नये. घरी भरणाऱ्याकडे यांपैकी कोणतेही साधन नसते. त्याच्याकडे असते ती वापरलेली पुंगळी, आणि ती जे सांगते ते उशिरा सांगते.

उशिरा का, याचे उत्तर पितळेच्या स्वभावात आहे. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेली ही पुंगळी फैरीच्या वेळी फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या, भिंतीला चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आकसून सुटते. पोलादी चेंबरही त्या क्षणी ताणला जातो आणि पूर्ववत होतो. दाब मर्यादेत असेल तर दोघांच्या आकसण्यात पितळ पुढे राहते आणि पुंगळी सहज निघते. मर्यादा बरीच ओलांडली तर जास्त ताणलेला चेंबर परत येताना पितळेला मिठीत घेतो, आणि मूठ जड होते. म्हणजे मूठ जड होईपर्यंत, किंवा बुडावर चंद्रकोर उमटेपर्यंत, दाब बहुतेकदा मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. खूण दिसली नाही म्हणून सगळे ठीक आहे असा निष्कर्ष काढणे हा या छंदातला सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

प्रायमरवर, म्हणजे पुंगळीच्या बुडात बसवलेल्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीवर, तर त्याहूनही कमी विश्वास ठेवावा. त्याच्या गोलसर कडा चपट्या झाल्या की दाब वाढला, असे सर्रास सांगितले जाते. पण फैर झाल्यावर प्रथम प्रायमर मागे सरकून बोल्टच्या तोंडाला टेकतो, आणि मग पुंगळीचे बूड मागे येऊन त्याला पुन्हा आपल्या खळग्यात दाबते. पुन्हा वापरण्यासाठी पुंगळीला आकार देताना तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतरता भाग, प्रमाणापेक्षा जास्त मागे ढकललेला असेल, तर प्रायमर बराच बाहेर येतो, उघड्यावर फुगतो आणि परत दाबला जाताना अगदी सामान्य दाबातही चपटा होतो. उलट दाब फारच कमी असेल तर बूड मागे येतच नाही आणि प्रायमर बाहेर डोकावत राहतो. प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या ठशाभोवती उठलेली कडही दाबापेक्षा पिनच्या भोकाच्या सैलपणाबद्दल अधिक सांगते. माझ्या मते प्रायमरची एकच साक्ष ग्राह्य धरावी: दोन-तीन वापरांतच खळगा इतका सैल झाला की नवा प्रायमर बसवताना हाताला विरोध जाणवत नाही, तर ते पितळ खरोखर ताणले गेले आहे.

खरा प्रामाणिक साक्षीदार म्हणजे वेगमापक. फुकटचा वेग मिळत नाही. काडतुसे भरण्याच्या मार्गदर्शक पुस्तकातल्या नळीपेक्षा आपली नळी लांब असेल तर दर इंचामागे सेकंदाला साधारण २० ते २५ फूट अधिक मिळू शकतात. तो हिशेब वजा केल्यावरही त्याच वजनाच्या दारूत वेग पुस्तकापेक्षा ठळकपणे जास्त दिसत असेल, तर तो वाढीव दाबातूनच आलेला असतो, पुंगळी कितीही निर्मळ दिसो. ‘माझी नळी जलद आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे.

आता त्या ‘न बदललेल्या’ गोष्टींकडे वळू. पहिला संशय पुंगळ्यांवर घ्यावा, विशेषतः नवा गठ्ठा उघडला असेल तर. जाड भिंतीच्या पुंगळीत आतली जागा कमी असते, आणि ती बाहेरून दिसत नाही; वजनात मात्र दिसते. १० ग्रेन, म्हणजे सुमारे ०.६५ ग्रॅम, अधिक पितळ आतल्या बाजूने असेल तर ते जवळजवळ १.२ ग्रेन पाण्याइतकी जागा खाते. सुमारे ५६ ग्रेन पाणी मावणाऱ्या पुंगळीत ही घट २ टक्क्यांची आहे. सैनिकी पुंगळ्यांत हा फरक बऱ्याचदा आढळतो.

दुसरा संशय मानेवर. गोळी सुटण्यासाठी पुंगळीच्या मानेला चेंबरमध्ये फुगायला जागा हवी. मान जाड असेल, किंवा पुंगळी प्रत्येक वापरागणिक वाढत जाऊन तिची कड चेंबरच्या टोकाला टेकत असेल, तर चेंबरच गोळीला चिमटीत धरतो आणि दाब एकदम उसळतो. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे आणि बहुतेक जण ती २.००५ पर्यंत कापून घेतात, पण मोजायचे राहून जाते. चेंबरच्या टोकाशी साचलेले कार्बनचे टणक कडेही हेच करते, आणि ते शेकडो फैरींनंतर हळूहळू तयार होत असल्यामुळे कालपर्यंत चांगली असलेली भरणी आज अचानक तापट वाटू लागते. याची परीक्षा फार सोपी आहे: नुकतीच वापरलेली, पुन्हा आकार न दिलेली पुंगळी उभी धरावी आणि तिच्या मानेत नवी गोळी बोटांनी सोडावी. गोळी आपल्या वजनाने आत घसरली तर मोकळीक आहे. अडली, तर मान, कार्बन किंवा लांबी यांपैकी कोठेतरी चोर आहे, आणि दारूच्या डब्याकडे तोवर बघायचे कारण नाही.

गोळी किती खोल बसवली याचा परिणाम गमतीदार आहे, कारण तो दोन्ही दिशांनी होतो. गोळी बाहेर काढून थेट नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना टेकवली तर तिला सुरुवातीची मोकळी उडी मिळत नाही आणि दाब चढतो. ती फार आत ढकलली तर दारूची जागा कमी होऊन दाब चढतो. अचूकतेच्या मागे लागून खाचांना टेकवणाऱ्याने त्या जागेसाठी दारू पुन्हा कमी करूनच सुरुवात केली पाहिजे. गोळीचा प्रकार, प्रायमरचा प्रकार किंवा दारूचा नवा डबा यांपैकी काहीही बदलले तरी हाच नियम.

मग ऊन आणि पाणी. सामान्य दारू दर अंश फॅरनहाइटमागे गोळीचा वेग सेकंदाला अंदाजे १ फुटाने वाढवते, काही दारू त्याहून संवेदनशील असतात. सकाळच्या गारव्यात ठरवलेली भरणी दुपारी उन्हातल्या डब्यातून काढली, आणि वाऱ्याची वाट पाहत ते काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये मिनिटभर पडून राहिले, तर आत असलेली दारू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम झालेली असते. पावसाची गंमत वेगळीच आहे. ओल्या किंवा तेलकट पुंगळीला चेंबरची भिंत पकडता येत नाही, त्यामुळे भिंतीने झेलायचा भार थेट बोल्टवर येतो आणि दारूचे वजन अगदी बरोबर असतानाही बुडावर अतिदाबाच्या खुणा उमटतात.

इलेक्ट्रॉनिक तराजूबद्दल थोडक्यात: ०.१ ग्रेन म्हणजे ६.५ मिलिग्रॅम, आणि पंख्याची झुळूकही तो काटा त्याहून जास्त हलवू शकते. तुलनेसाठी प्रमाणित वजन दर काही काडतुसांनंतर ठेवून पाहावे.

या सगळ्यांतून सापडते ते बहुधा एक मोठे कारण नसते. किंचित जाड पुंगळ्या, थोडे ऊन, चेंबरमधले थोडे कार्बन, असे तीन किरकोळ वाटेकरी एकत्र येतात, आणि भरणी मुळातच मर्यादेच्या काठावर असल्याने तिला एवढाच धक्का पुरतो. म्हणून बोल्ट अडताच फैरी थांबवाव्यात. मुठीवर हातोडीसारखे काही मारून बोल्ट उघडायचा आणि पुढचे काडतूस घालायचे, हे तर अजिबात करू नये. उरलेली काडतुसे घरी नेऊन गोळी ओढून काढण्याच्या साधनाने गोळ्या काढाव्यात, दोन-चारांची दारू पुन्हा तोलावी, चेंबर कार्बन निघेपर्यंत स्वच्छ करावा, आणि पुस्तकात दिलेल्या प्रारंभीच्या वजनापासून, म्हणजे कमाल आकड्याच्या सुमारे १० टक्के खालून, वेगमापक लावून पुन्हा वर यावे, एका वेळी एकच गोष्ट बदलत. आणि ज्या पुंगळ्यांवर चंद्रकोर उमटली किंवा ज्यांचा खळगा सैल झाला, त्यांच्या माना पक्कडीने चेपून टाकाव्यात, म्हणजे त्या चुकून पुन्हा चांगल्या पुंगळ्यांच्या डब्यात जाऊन बसणार नाहीत.