वैमानिकाला पडसे झाले की विमान का खोळंबते

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर पुण्याच्या विमानाची वाट पाहणाऱ्यांच्या कानावर अधूनमधून एक घोषणा पडते: क्रू उपलब्ध नसल्यामुळे उड्डाणाला उशीर होत आहे. या ‘उपलब्ध नसण्या’ची कारणे अनेक असतात. कधी आधीचे विमान उशिरा आलेले असते, कधी वैमानिकाचे ड्युटीचे तास संपलेले असतात आणि कधी त्याला साधे पडसे झालेले असते. रामबागेतून नातवंडांना भेटायला निघालेल्या आजी-आजोबांना पडशाचे कारण कळले तर ते म्हणतील, आम्ही तापातही शाळेत शिकवायला जात होतो. त्यांचे म्हणणे वर्गापुरते खरे आहे. वैमानिकाची अडचण हवेच्या दाबातून येते.

विमान ३५,००० फुटांवर असले तरी केबिनमधला दाब तेवढा उतरू देत नाहीत. नेहमीच्या उड्डाणात तो फार तर ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका कमी होतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ही मर्यादा ६,००० फुटांच्या आसपास आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या स्तंभात ७६० मिलिमीटर भरतो. इंदूर सुमारे १,८५० फुटांवर आहे, म्हणून इथे तो साधारण ७१० असतो. ८,००० फुटांवर तो ५६५ पर्यंत येतो. प्रत्येक उड्डाणात शरीरातल्या सगळ्या पोकळ्यांना हा चढउतार सोसावा लागतो.

त्यातली सर्वांत नाजूक पोकळी म्हणजे कानाच्या पडद्यामागचा मध्यकर्ण. त्याला बाहेरच्या हवेशी जोडणारी एकच वाट आहे, नाकाच्या मागच्या बाजूला उघडणारी कंठकर्णनलिका. मोठ्या माणसात ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक छोटा स्नायू तिला क्षणभर उघडतो. विमान चढत असताना अडचण येत नाही, कारण आतली हवा प्रसरण पावून आपणच बाहेर निसटते. उतरताना हवा आत घ्यावी लागते आणि नळीची मऊ बाजू झडपेसारखी मिटून तिला अडवते. वर असताना बूच घट्ट लावलेली रिकामी पाण्याची बाटली जमिनीवर येईपर्यंत चेपलेली असते. मध्यकर्णात घडते तेच, फक्त तिथे बाटलीच्या भिंतीऐवजी पडदा आत ओढला जातो.

पडशात या नळीचे अस्तर सुजते. मग उतरताना काय होते, त्याचा हिशेब मांडता येतो. आतला आणि बाहेरचा दाब यांत सुमारे ९० मिलिमीटरचा फरक पडला की तो छोटा स्नायू नळी उघडूच शकत नाही. मग कितीही गिळा, जांभया द्या, कान मोकळा होत नाही. ५६५ मध्ये ९० मिळवले की ६५५ होतात आणि हा दाब साधारण ४,००० फुटांवरचा आहे. केबिनची ‘उंची’ मिनिटाला सुमारे ३०० फूट उतरवतात. म्हणजे ८,००० वरून उतरायला लागल्यापासून तेरा-चौदा मिनिटांत नळी पुरती अडकते. इंदूरच्या धावपट्टीला टेकायला त्यानंतर आणखी सात मिनिटे उरतात. मुंबईला उतरायचे असेल तर तेरा उरतात आणि दाबाचा फरकही अधिक वाढतो. ही मिनिटे चेकलिस्ट, पंखांचे फ्लॅप, लँडिंग गिअर (चाके) आणि एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, बोलणे यांनी भरलेली असतात. नेमक्या त्याच वेळी कानात कळा येतात, ऐकू कमी येते आणि पडद्यामागे पाणी किंवा रक्त साचू लागते. काहींचा पडदा फाटतो.

दुखणे एक वेळ सहन होईल. भोवळीचे तसे नाही. एक कान मोकळा झाला आणि दुसरा तुंबलेला राहिला, तर दोन्हींकडून मेंदूला तोल सांभाळणारे वेगवेगळे संकेत जातात आणि काही सेकंद सारे गरगरते. ढगात, बाहेर क्षितिज दिसत नसताना, हे काही सेकंद फार मोठे असतात. कपाळाच्या हाडातल्या सायनसचे तोंड बुजले असेल तर उतरताना भुवईच्या वर सुरी खुपसल्यासारखी वेदना होते आणि डोळ्यांत पाणी येऊन समोरची उपकरणे धूसर दिसतात. पडसे सौम्य होते म्हणून हे टळेल, याची खात्री जमिनीवर कुणीही देऊ शकत नाही.

मग गोळी घेऊन का उडत नाहीत? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. आपल्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन एकत्र असतात. क्लोरफेनिरामिन मेंदूत शिरते आणि गुंगी आणते. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाच्या सूचनेनुसार ते घेतल्यावर पाच दिवस उडायचे नाही, आणि डायफेनहायड्रामिन हे तशाच जातीचे औषध घेतल्यावर ६० तास. सेटिरिझिनलाही तिथे परवानगी नाही. लोरॅटाडिन आणि फेक्सोफेनाडिन चालतात, मात्र ती ॲलर्जीची औषधे आहेत आणि विषाणूमुळे सुजलेल्या नळीवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. २००० साली आयोवात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर केलेल्या प्रयोगात डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचे वाहन चालवणे दारू घेतलेल्यांपेक्षाही वाईट ठरले. त्याहून गंभीर निष्कर्ष असा, की किती झोप येते हे स्वतः सांगणाऱ्यांच्या अंदाजाचा आणि त्यांच्या प्रत्यक्ष चुकांचा मेळ बसला नाही. म्हणून ‘मला काही गुंगी वाटत नाही’ या वाक्यावर विसंबता येत नाही.

नाकात टाकायचे थेंब सूज उतरवतात, पण काही तासांपुरतीच. विमान अडकून पडले आणि थेंबांचा असर उतरण्याच्या वेळी ओसरला, तर त्रास दुप्पट. पोटात घेतलेल्या फिनाइलएफ्रिनचा नाक मोकळे करण्यासाठी उपयोग होत नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने म्हटले. घरगुती उपायांतही एक खाच आहे. आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार झालेला अल्कोहोल असतो आणि काही खोकल्याच्या औषधांतही तो असतो. भारतात वैमानिकाच्या श्वासचाचणीत अल्कोहोल शून्य यावा लागतो आणि पहिल्याच वेळी दोषी ठरल्यास परवाना तीन महिने निलंबित होतो. आजीने प्रेमाने दिलेले खोकल्याचे आसव इथे महागात पडू शकते.

पोट बिघडणे हे कारण लोकांना किरकोळ वाटते, पण उड्डाणादरम्यान वैमानिक अचानक अक्षम होण्याच्या नोंदींत जुलाब-उलट्यांचा क्रम बराच वर लागतो. कमांडर (मुख्य वैमानिक) आणि फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) यांना वेगवेगळे जेवण देण्याची पद्धत त्यासाठीच आहे. रात्री सराफ्यात, इंदूरच्या खाऊगल्लीत, खाल्लेले पहाटे बाधले, तर इंदूरहून निघाल्यावर पोटातला वायू ८,००० फुटांच्या केबिनमध्ये पाव हिश्श्याहून थोडा अधिक वाढतो आणि कळही वाढते. एक वैमानिक शौचालयात आणि दुसरा एकटा नियंत्रणावर, ही अवस्था कागदावर चालते. सिम्युलेटरमध्ये तिचा सरावही होतो: सहकाऱ्याने दोनदा हाक मारून उत्तर दिले नाही तर नियंत्रण आपल्याकडे घ्यायचे, ऑटोपायलट लावायचा, केबिन क्रूला बोलावून त्या सहकाऱ्याला खांद्याच्या पट्ट्याने मागे बांधायचे. पण ही शेवटची तटबंदी आहे, तिच्या भरवशावर आजारी माणसाने घरून निघायचे नसते.

एवढे स्पष्ट असताना आजारी असल्याचे कळवणे कठीण का जाते? कारण निर्णय पहाटे तीन वाजता, अर्धवट झोपेत, एकट्याने घ्यायचा असतो आणि त्याचे परिणाम इतरांच्या अंगावर येतात. सहाच्या उड्डाणासाठी साधारण तासभर आधी हजेरी लागते. मुंबई-दिल्लीसारख्या तळावर घरी थांबलेला स्टँडबाय वैमानिक असतो आणि त्याला गाडी पाठवली की काम भागते. इंदूरला रात्रीच्या मुक्कामात वैमानिक आजारी पडला, तर बहुतेकदा बदली माणूस तळावरून प्रवासी म्हणून आणावा लागतो. त्याचा तो प्रवासही त्याच्या ड्युटीत मोजला जातो. शिवाय ए३२० या जेट विमानाचा वैमानिक एटीआर हे पंख्याचे छोटे विमान उडवू शकत नाही, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचा क्रू उपयोगाचा नसतो. एका फोनने दिवसभराच्या चार-पाच सेक्टरची, म्हणजे एकामागून एक उड्डाणांची, साखळी विस्कटते.

फोनवरचा, म्हणजे क्रूच्या पाळ्या लावणारा, माणूस वाईट नसतो. त्यालाही सहा वाजेपर्यंत विमान हलवायचे असते. पण ‘खरंच जमणार नाही का?’ हा प्रश्न त्याने विचारला की आजारी माणूस डळमळतो. मग डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि पहाटे चारला कानाचा डॉक्टर कुठे सापडणार? पगाराचा काही भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असेल तर सुट्टीचा थेट फटका बसतो. दिवाळीत ताप आला तर संशय ठरलेलाच. या संशयाला इतिहासही आहे: २००९ मध्ये जेट एअरवेजच्या आणि २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी वादाच्या काळात सामूहिक आजारपणाच्या रजा टाकल्या होत्या. त्या भांडणांतले बरेवाईट बाजूला ठेवले तरी, त्याचा भार आज खरोखर कान तुंबलेल्या माणसाने का वाहावा, हे पटत नाही.

थकव्याचीही अशीच कोंडी होते. सतरा तास जागे राहिल्यावर हातांचे आणि लक्षाचे काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतके बिघडते, हे १९९७ मध्येच दाखवून झाले आहे. तरी ‘मी थकलो आहे’ म्हटल्यावर येणारे प्रश्न टाळण्यासाठी माणूस ‘पोट बिघडले आहे’ म्हणतो. खरे कारण नोंदवलेच जात नाही आणि रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, तसाच राहतो.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत नेवार्कहून बफेलोला जाणारे कोल्गन एअरचे विमान कोसळले आणि ५० माणसे गेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सर्दी झालेली सहवैमानिक सांगते, की घरी असते तर अशा अवस्थेत आलेच नसते, पण आता आजारी असल्याचे कळवले तर हॉटेलचा खर्च माझ्याच अंगावर येईल. ती रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. चौकशीत अपघाताचे कारण कमांडरची स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, इशाऱ्यावरची चुकीची प्रतिक्रिया हे ठरले, सर्दी नव्हे. तरीही आजारी माणूस हिशेब करून कामावर कसा येतो, याची इतकी उघड नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मनाच्या आजारात हा हिशेब अधिक कडवा होतो. २०१५ मध्ये जर्मनविंग्सच्या सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये आदळवले आणि १५० जण मारले गेले. त्याच्या घरी डॉक्टरांनी दिलेल्या, फाडून टाकलेल्या रजेच्या चिठ्ठ्या सापडल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ३,७६५ वैमानिकांच्या पाहणीत ५६ टक्क्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र जाण्याच्या भीतीने उपचार टाळल्याचे सांगितले. यावर शिक्षा वाढवून उपाय होणार नाही. आजारी असल्याचे कळवणे स्वस्त करावे लागेल: फोनवर फक्त कधीपासून आणि अंदाजे कधीपर्यंत एवढेच विचारावे, एक-दोन दिवसांच्या रजेला प्रमाणपत्र मागू नये, पगार तुटू देऊ नये, आणि स्टँडबाय वैमानिकांची संख्या सर्दीच्या मोसमात, म्हणजे पावसाळ्यात आणि माळव्याच्या थंडीत, वाढवावी. स्टँडबायला पैसे लागतात, आणि हा खर्च इंधनाइतकाच अटळ मानला पाहिजे.

कामावर परतण्याची वेळ नाकावरून ठरवू नये, कारण नाक आधी मोकळे होते आणि नळीची सूज काही दिवस मागे राहते. घरी करायची तपासणी सोपी आहे. नाक चिमटीत धरून घोटभर पाणी गिळावे. दोन्ही कानांत हलका टक् आवाज यायला हवा. मग नाक धरून, तोंड मिटून हळूच फुंकावे. दोन्ही पडदे एकाच वेळी, जोर न लावता फुगलेले जाणवले पाहिजेत. एका कानाला उशीर झाला तरी थांबावे. जोरात फुंकणे टाळावे, त्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. शंका असेल तर कानाच्या डॉक्टरकडे टिंपॅनोमेट्री करून घ्यावी. ती दोन-तीन मिनिटांत होते आणि मध्यकर्णातला दाब आलेखावर दिसतो. शिखर मध्याजवळ असले तर उडायला हरकत नाही. आलेख सपाट आला तर पडद्यामागे पाणी असण्याची शक्यता मोठी, आणि ते ओसरायला काही वेळा आठवडे लागतात.