रिपोर्ट नॉर्मल, तरी पाठ दुखतेच

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नकोस.’ महिनोन् महिने पाठ नाहीतर मान दुखत असलेल्या मुलाला हे ऐकून हायसं वाटायला हवं. त्याला मात्र ऐकू येतं ते ‘म्हणजे तू नाटक करतोयस’. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दिवसदिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं आणि रात्री कॉट बेसिसच्या पातळ गादीवर पडायचं, तर पाठ धरणारच. पण खुर्ची बदलली, गादी बदलली, तरी दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलं, की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना म्हणतं आणि तिचं गणित वेगळं असतं.

याची दुसरी बाजूही आहे. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ म्हणजे मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा दिसला की गावाकडून आई-बाबा पहिल्या एसटीने येतात. पण २०१५ साली एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत असा फुगवटा सापडला. थोडक्यात, चित्रात दिसतं ते दुखेलच असं नाही आणि दुखतं ते चित्रात दिसेलच असंही नाही.

मग दुखणं राहतं कुठे? मज्जारज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्यात, काय घडतं ते बघण्यासारखं आहे. स्नायूंतून निघालेला वेदनेचा संदेश बारीक ‘सी’ जातीच्या चेतातंतूंमधून सेकंदाला साधारण एक मीटर अशा रमतगमत वेगाने मज्जारज्जूत पोचतो. तिथे ग्लुटामेट हे रसायन सुटतं आणि पुढच्या चेतापेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या रेणूंना, चिकटतं. त्यांतला ‘एनएमडीए’ नावाचा ग्राही एरवी गप्प असतो, कारण त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. संदेश एकामागून एक येत राहिले की पेशीतला विद्युतदाब बदलतो आणि धनभारित मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं. कॅल्शियम आत शिरतं, त्यामुळे काही विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि ‘एएमपीए’ जातीचे जादा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर आणून बसवतात. आता तेवढ्याच संदेशाला पेशी दुप्पट-तिप्पट प्रतिसाद देते. पुढे पुढे नुसता स्पर्शही दुखायला लागतो. दुखापतीनंतर मज्जारज्जूच असा हळवा होतो, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवर दाखवलं. गंमत म्हणजे मेंदूत स्मृती तयार होताना बऱ्याच अंशी हीच यंत्रणा वापरली जाते. राज्यघटनेची कलमं पाठ होतात ती हिच्याच जोरावर.

मन यात शिरतं ते वरून. मध्यमेंदूतल्या एका करड्या पट्ट्यातून खाली मज्जारज्जूकडे चेतातंतूंची साखळी उतरते. ती सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन वापरून वेदनेचा संदेश दाबते, प्रसंगी वाढवतेसुद्धा. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या या भागाला विजेची हलकी चेतना देऊन, भूल न देता त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली होती! या पट्ट्याला भीती, लक्ष, अपेक्षा हाताळणाऱ्या मेंदूच्या भागांकडून सतत सूचना येतात. निकाल लांबला, झोप मोडली, मन खचलं की ही लगाम सैल होते. दुखण्याने पुन्हा झोप जाते, ते वेगळंच. म्हणून ड्युलोक्सेटिनसारखं औषध नैराश्यावरही देतात आणि जुनाट वेदनेवरही. डॉक्टरांनी ‘डिप्रेशनची गोळी’ लिहून दिली म्हणून रागावून दुकानातूनच परत फिरू नका. आणि सुरू केलीत तर मनाने बंदही करू नका.

तांब्याची कडी आणि चुंबकीय पट्टे मात्र घेऊ नका. संधिवाताच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत ती नकली कड्या-पट्ट्यांपेक्षा सरस ठरलेली नाहीत. ‘एकवीस दिवसांत मेंदू रीवायर करा’ छापाची रील्स मला त्याच रांगेतली वाटतात, फक्त भाषा विज्ञानाची.

उपयोग होतो तो कंटाळवाण्या गोष्टींचा. हळूहळू वाढवलेला व्यायाम, ठरावीक वेळेला झोप, गरज पडल्यास समुपदेशन. पहिल्याच दिवशी सिंहगड नको, घराजवळची टेकडी अर्धी चढून परत आलात तरी चालेल. मन फारच बुडत असेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. पण पाठदुखीसोबत पायांतली ताकद जाऊ लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा ताप आणि वजनातली घट दिसली, तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.